आई, तुझी संकष्टी पुन्हा धर

मुलुंड, मुंबई

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी गिरगावातून निघताना जिन्यात तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "माझ्यामुळे झालं का गं ते सगळं?" वरून शेजारच्या काकू उतरत होत्या. मी "काहीतरीच काय आई" म्हणाले आणि निघाले. दादरला गाडी बदलली, मुलुंड आलं, तरी तेच डोक्यात. सतरा वर्षं हा प्रश्न तू एकटीने वागवलास. समोर बसून बोलायला गेले तर आपल्या दोघींनाही रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे.

नाही आई. माझा अ‍ॅनोरेक्सिया, अन्न टाळत उपाशी राहायला लावणारा तो मनाचा आजार, तुझ्यामुळे झाला नाही.

तुझ्या मनाला उपासांचं लागून राहिलंय, मला माहीत आहे. गुरुवार आणि संकष्टी मी तुझं बघून धरली. मग सोमवार, मग दोन्ही एकादश्या, आणि २००८ च्या नवरात्रात सलग नऊ दिवस. तू कौतुकाने मावशीला सांगायचीस, पोर किती मनोभावे करते. पण तुझा उपास चंद्र दिसला की सुटायचा. माझा सुटतच नव्हता. आजार आधीच आत शिरला होता, त्याला लपायला तुझं देवघर मिळालं, एवढंच. ते नसतं तर परीक्षा होती, पित्त होतं, "मैत्रिणीकडे खाल्लं" होतं.

पुढच्या वर्षीचा मे महिना आठव. सगळे घामाने निथळत होते आणि मी शाल गुंडाळून पंखा बंद करा म्हणून भांडत होते. तू कपाळाला हात लावून पाहिलास, ताप नव्हता. मग दंडावरून हात फिरवलास आणि तो तिथेच थांबला. तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी बारीक लव आली होती. उपाशी शरीराला ऊब धरून ठेवता येईना की असं होतं, हे मला पुढे कळलं. पाळी तर केव्हाच थांबली होती. वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. ते कागदावर आले की माझं मन आजही त्यांच्याशी हिशेब मांडत बसतं.

तेव्हा ज्या डॉक्टरांकडे आपण पहिल्यांदा गेलो, त्यांनी तुला बाहेर थांबवलं आणि मला म्हणाले, आईने लाडावून ठेवलंय. ते तुला दाराबाहेर ऐकू गेलं होतं ना? तुझ्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं. आणि ते मूळ खूप जुनं आहे. १८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी या आजाराचं वर्णन वेगवेगळं लिहिलं. तेव्हा ना टीव्ही होता, ना मोबाइल. गल यांनी असंही लिहून ठेवलं की अशा मुलींची देखभाल करायला नातेवाईक सहसा सगळ्यात वाईट. डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या तेच धरून चालल्या. १९८० च्या दशकात लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते उलटं करून पाहिलं. आईवडिलांनाच मुलांच्या ताटासमोर बसवलं, आणि मुलं सावरली. आजार कशाने झाला याचा शोध घेत बसायचं नाही, आधी घास पोटात गेला पाहिजे, अशी ती रीत. दोष कुणाचाच नाही, हे त्यात पहिल्या दिवशीच सांगतात. तुला ते कुणीच सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

बाबा, मी एकोणीस वर्षांची होते, पण तुम्ही नेमकं तेच केलंत. सरकारी रुग्णालयातून तीन आठवड्यांनी घरी आले, त्या दिवसापासून आठ महिने. वरणभात, वर तूप, समोर तुमचंही तेवढंच ताट. मी जेवल्याशिवाय तुम्ही घास घ्यायचा नाहीत. एकेक जेवण दीड तास चालायचं, तूप भातावर थिजून पांढरं व्हायचं, तुमच्या आणि माझ्याही. मी ओरडले, ताट ढकललं, तुमच्याशी नको ते बोलले. तुम्ही फक्त "पुढचा घास" म्हणायचात. तेव्हा बोललेल्या एकेका शब्दाची मला लाज वाटते. मला माफ करा.

आई, रुग्णालयात तुला शिरा भरवू दिला नाही, त्याचं तुला फार लागलं होतं. त्यामागे कारण होतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि हृदयावर बेततं. म्हणून चमच्याचमच्याने वाढवत होते, रोज रक्त काढत होते. तुझ्या हाताला कुणी नावं ठेवत नव्हतं.

आणि तू नेहमी म्हणायचीस, दिवाळीत एवढ्या हौसेने शंकरपाळ्या केल्यास, सगळ्यांना वाढल्यास आणि स्वतः एक तोंडात टाकली नाहीस, हे कसलं वागणं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना स्वप्नंही जेवणाची पडू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची. ही पोरं आजारी नव्हती, नुसती उपाशी होती. ते वाचलं तेव्हा मला माझीच वही आठवली, रविवारच्या पुरवण्यांतल्या पाककृती कापून चिकटवलेली.

आता मी बरी आहे, पण हाडं माझ्या वयापेक्षा ठिसूळ राहिली आहेत. वाईट दिवसही येतात. मात्र अशा दिवशीही मी वेळेवर जेवते, भुकेची वाट बघत नाही. तुमच्याकडे एकच मागणं. "बाळसं धरलंस" म्हणू नका, प्रेमानेसुद्धा नको. ते मला चार दिवस पुरतं. त्याऐवजी कामाचं विचारा, हाताला धरून जवळ बसवा.

रुग्णालयातून आलो त्या दिवशी तू देवाला हात जोडलेस आणि सगळे उपास सोडलेस. मी काही बोलले नाही. आता बोलते. डॉक्टरांना विचार, तुझ्या गोळ्या चालू आहेत, आणि ते हो म्हणाले तर या महिन्यापासून संकष्टी पुन्हा धर. मी दुपारी नेहमीसारखी जेवून येईन. उकड मी काढते, पाकळ्या तू कर, त्या मला अजून जमत नाहीत. चंद्र समोरच्या इमारतीमागून यायला उशीर लावतो, तोवर गॅलरीत बसू. मग तिघांनी एकदमच जेवू. मोदकावर तूप बाबांनी वाढायचं, गरम आहे तोवर.

तुमची,
मनू