प्रत्यारोपणानंतरचा 'साधा' खोकला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्त आपण प्रसिद्ध केलेले लेख वाचले. त्यांत दात्यांचे कौतुक आहे, प्रतीक्षायादीचा प्रश्न आहे. परंतु मूत्रपिंड बसवून घरी आलेल्या रुग्णाला पुढे कशापासून जपायचे, याविषयी फारसे काही आढळले नाही. गेल्या वर्षी मी माझ्या यजमानांना मूत्रपिंड दिले, म्हणून हे लिहीत आहे.

परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड अशी जी औषधे द्यावी लागतात, तीच प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे धडधाकट माणसाला सहसा त्रास न देणारी न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी अशा रुग्णाच्या फुप्फुसांत न्यूमोनिया करू शकते, आणि पहिल्या काही महिन्यांत हा धोका विशेष असतो. तो टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोलची गोळी देतात. आमच्याकडे ती तिसऱ्या महिन्यात संपली. हजारो रुपयांच्या औषधांत सर्वांत स्वस्त तीच. तिचे एवढे काय महत्त्व असणार, असे वाटून ती पुन्हा आणलीच गेली नाही. ही चूक सर्वस्वी आमची.

पाचव्या महिन्यात यजमानांना कोरडा खोकला सुरू झाला. ताप ९९ च्या पुढे गेला नाही; स्टेरॉइडमुळे तो दबून राहू शकतो, हे नंतर कळले. जवळच्या डॉक्टरांनी छाती तपासून 'व्हायरल आहे' म्हणून सांगितले आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिले. तिसऱ्या दिवशी यजमानांचा हात इतका थरथरू लागला की कपातला चहा बशीत सांडला. या प्रतिजैविकामुळे रक्तातील टॅक्रोलिमस वाढते आणि वाढलेले टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच इजा करते, याची आम्हाला कल्पना नव्हती; डॉक्टरांनीही चालू गोळ्या कोणत्या, हे विचारले नव्हते. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्यावर तोच आकडा ८७ वर आला, तेव्हा मात्र रातोरात पुणे गाठले. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने केलेल्या तपासणीत न्यूमोसिस्टिसचे निदान झाले. उपचार एकवीस दिवस चालला, आणि औषध कोणते, तर तेच को-ट्रायमोक्साझोल, पण कितीतरी मोठ्या मात्रेत! यजमान बरे झाले. मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या १.२ वर परत आले नाही.

आपल्याकडे अशा रुग्णाच्या खोकल्यात क्षयरोगाचीही शक्यता धरावीच लागते, आणि त्यावरील रिफाम्पिसिन नेमके उलटे, म्हणजे टॅक्रोलिमस कमी करणारे. म्हणून खोकल्याचे औषध कोणीही लिहिले, तरी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन झालाच पाहिजे. (भेटायला येणाऱ्या सर्दीवाल्या नातेवाइकांना दारातूनच परतवावे, हे सांगताना मला संकोच वाटत असे, आता वाटत नाही.)

रुग्णालयांना माझी विनंती एवढीच की, घरी सोडताना इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर मराठीत, ठळक अक्षरांत एक पान असावे. कोणती गोळी केव्हापर्यंत बंद करायची नाही, फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) यांच्या लसी केव्हा घ्यायच्या, जिवंत विषाणूंच्या लसी का टाळायच्या, आणि रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे त्यावर लिहिलेले असावे. आमच्या फ्रिजवर असे पान आता आहे. ते मी स्वतः लिहून लावले आहे.

आपली,
एक मूत्रपिंडदाती, सातारा