मणक्यातील इंजेक्शननंतरची पहिली रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंबरदुखी आणि सायटिकासाठी मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणे नाशिककरांना आता नवे राहिलेले नाही. निफाड-दिंडोरीकडचा रुग्ण सकाळी येतो, इंजेक्शन घेतो आणि दुपारी गावी परततो. बहुतेकांना कोणताही गंभीर त्रास होत नाही, हे मी आधीच नमूद करतो.

गेल्या वर्षी शहरातील एका रुग्णालयात माझ्या आईला कंबरेत असे इंजेक्शन दिले. रात्री नऊच्या सुमारास ती म्हणाली, "पाय माझे नाहीतच असं वाटतंय रे." दोनदा बाथरूमला जाऊनही तिला लघवी झाली नाही. फोन केल्यावर ‘भूल उतरेल, सकाळी बघू’ असे उत्तर मिळाले. सकाळी एमआरआय केला, तेव्हा मणक्यात रक्त साकळून नसांवर दाब आल्याचे दिसले. हृदयविकारासाठी ती रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी घेत होती. ते कोणी विचारले नव्हते आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही. तातडीने शस्त्रक्रिया झाली, तरी आज ती वॉकर धरूनच चालते. असा दाब काही तासांत काढला तर पायांतली ताकद परत येण्याची शक्यता बरीच अधिक असते, हे आम्हाला नंतर कळले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्येच या इंजेक्शनांनंतर क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा दिला होता. मानेतील इंजेक्शन तर अधिकच जोखमीचे, कारण ट्रायमसिनोलोनसारख्या स्टेरॉइड औषधातील सूक्ष्म कण चुकून धमनीत शिरले तर मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो.

संमतिपत्र आम्हाला इंग्रजीत, आईला स्ट्रेचरवर घेतल्यावर, सहीपुरते दाखवले गेले. इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) या डॉक्टरांच्या संघटनेच्या नाशिक शाखेने पुढाकार घेऊन अशा प्रत्येक रुग्णाला घरी जाताना मराठीत एक चिठ्ठी द्यायला लावावी. पायांतली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणे, ताप किंवा उठून बसताच वाढणारी तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता यावे, असे तीत लिहिलेले असावे आणि खाली रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक