महिना 3 टक्के प्रसाद

कल्याण, बुधवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की आई बोलते आणि बाबा, तुम्ही मागून "तिला सांग, बरा आहे" एवढंच म्हणता. महिनाभर हेच चाललंय. फोन आईच्या हातात देता येतो, पत्र मात्र तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता. म्हणून लिहितेय.

आईने मला सगळं सांगितलंय. तिच्यावर चिडू नका. तुम्ही रात्री दोन-दोन वाजता उठून जुन्या डायरीत आकडे मांडता आणि पुन्हा खोडता, हे तिने किती दिवस नुसतं बघायचं?

आकडे मीही मांडले. धर्मशाळेसाठी पैसे गोळा करणाऱ्या त्या माळकऱ्याला आधी 3 लाख दिले, त्यावर महिना 9 हजार असे सात हप्ते आले. मग एफडी मोडून 4 लाख दिले, त्यानंतर महिना 21 हजारांचे चार हप्ते. म्हणजे 7 लाख गेले, 1 लाख 47 हजार आले आणि दिवाळीनंतर सगळं बंद. कंडक्टर असताना वे-बिलात, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबात, रुपयाचा फरक निघाला तरी जेवण न जाणारा माणूस तुम्ही. तुम्हाला हिशेब येत नव्हता म्हणून हे झालं, असं मला अजिबात वाटत नाही. हिशेब करायची वेळच त्या माणसाने तुमच्यावर येऊ दिली नाही.

मी त्याला एकदाच पाहिलं, गेल्या वर्षी गणपतीत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, सगळ्यांना "माउली". हरिपाठ संपल्यावर तो आधी तुमच्या पाया पडला, मग तुम्ही त्याच्या. आपल्यात तशीच रीत आहे, लहानमोठा कुणी बघत नाही. मला ती रीत फार आवडते. पण जो आत्ताच आपल्या पाया पडला त्याला "कागद दाखवा" कसं म्हणणार? जीभच उचलत नाही. तो देवाला फसवत नव्हता, त्याला देवाशी काही देणंघेणंच नव्हतं. तुमची ही भीड त्याला नेमकी माहीत होती आणि त्यावरच त्याचा धंदा होता.

आणि शब्द बघा कसे निवडले होते. ठेवीला ठेव नाही म्हणायचं, "सेवा" म्हणायचं. व्याजाला "प्रसाद". पंढरपुरात धर्मशाळा होणार, गोशाळा होणार, तुमच्या सेवेचा प्रसाद दर महिन्याला घरी येणार. व्याजाचा दर कुणीही विचारतो, प्रसादाचा दर कोण विचारणार? महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36. ज्येष्ठ नागरिकांच्या एफडीला आमची बँक सात टक्क्यांच्या आसपास देते तेव्हा "बँक लुटते" म्हणून तुम्हीच मला ऐकवता!

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, हे लहानपणी तुम्हीच सांगायचात. लोकांनी दिलं ते दान म्हणून दिलं. देणाऱ्याला महिन्याला इतके टक्के, असं काही त्यात नव्हतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट देणगी घेतो, पावती देतो, विषय संपतो. देवाच्या नावाने पैसे घेऊन महिन्याला परतावा द्यायला निघाला की तो ट्रस्ट राहिला नाही, बिनपरवान्याची पेढी झाली.

नियमाने हप्ते येत होते म्हणून तुमचा विश्वास बसला, असं आई म्हणाली. त्यातली गोम सांगते. कुणी तुमचे 3 लाख नुसते कपाटात ठेवले, काडीचा धंदा केला नाही आणि त्यातूनच महिना 9 हजार तुम्हाला परत दिले, तरी ते 33 महिने पुरतात. तेवढ्यात तुम्ही आणखी 4 लाख आणून देता आणि ओळखीच्या दोघांना घेऊन येता. हप्ता हा त्याचा जाहिरातीचा खर्च होता.

तुम्ही पहिल्यांदा पैसे घेऊन गेलात तेव्हा तो म्हणाला होता ना, "आत्ता नको बाबा, यादी भरलीय, पुढच्या एकादशीला बघू"? हे ऐकलं आणि मला न्यूयॉर्कचा बर्नार्ड मॅडॉफ आठवला, गुंतवणुकीच्या नावाखाली नव्यांचे पैसे जुन्यांना वाटणारा. तोही असंच करायचा. ज्यू समाजातला मोठा माणूस, येशिवा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर. अनेकांचे पैसे तो आधी घ्यायचाच नाही, मग लोक ओळखी काढून त्याच्यापर्यंत पोचायचे. त्याच्याकडे पैसे असणं हाच मान. 2008 मध्ये फुगा फुटला. नाझींच्या छळछावणीतून वाचलेले, शांततेचं नोबेल मिळालेले एली वीझेल, त्यांच्या संस्थेचे दीड कोटी डॉलर त्यात गेले. मॅडॉफला 150 वर्षांची शिक्षा झाली, 2021 मध्ये तो तुरुंगातच वारला.

लांबचं वाटत असेल तर बंगळुरू घ्या, तुमच्या मिरजेहून रात्रीच्या गाडीचं अंतर. तिथल्या एका कंपनीने मुसलमान कुटुंबांकडून हजारो कोटी गोळा केले. इस्लाममध्ये व्याज हराम, म्हणून तिथे व्याजाला "नफ्यातला वाटा" म्हणायचे आणि ठेवीदाराला "भागीदार". दर तोच, महिना अडीच-तीन टक्के. मालकाने एका सरकारी शाळेची इमारत उजळवून दिली, काही मौलवींनी चांगला शब्द टाकला. जून 2019 मध्ये तो दुबईला पळाला. 40 हजारांहून जास्त लोक तक्रार द्यायला रांगेत उभे राहिले, त्यात मुलीच्या लग्नासाठी साठवलेले होते, आखातातून कमावून आणलेले होते. माळ बदलली, टोपी बदलली, बाकी सगळं तेच. "आपल्या लोकांत असं होत नाही" हे वाक्य प्रत्येक लोकांत असतं.

आता एक माझं सांगते. गेल्या दिवाळीत आईने मला जांभळी इरकल घेतली. "बाबांच्या प्रसादातून" असं ती म्हणाली होती. मी हसले, साडी घेतली, घडी मोडली. वीस वर्षं बँकेत काउंटरवर बसणारी मी! रोज कुणाची ना कुणाची एफडी मोडताना "काका, कशासाठी हो?" असं विचारते. घरच्या माणसाला विचारलं नाही. सणाला कशाला, म्हणून गप्प बसले. तेव्हा मीही तुमच्याइतकीच भिडेने गेले.

आणि आई, तुझ्या बांगड्यांचं. मंडईजवळ दोघांनी अडवलं होतं. पुढे शेठला मुलगा झालाय, गरीब बायकांना साड्या वाटतोय, हातात सोनं दिसलं तर देणार नाही, काढून रुमालात बांधा. घरी येऊन गाठ सोडली तर दोन दगड. बाबा, तुम्ही तेव्हा म्हणालात, "30 वर्षं गाडीत खिसेकापू ओळखले मी, तुला दोन बांगड्या सांभाळता आल्या नाहीत." मग ते दर लग्नाकार्यात चारचौघांत सांगितलंत. या महिन्यात आईने एकदा तरी त्याची परतफेड केली का? नाही ना. मला तर वाटतं, तुम्हाला तेच जास्त बोचतंय.

खरं दुखणं 7 लाखांचं नाही, हे मला कळतंय. पखवाजवाल्या काकांना तुम्ही घेऊन गेलात. समोरच्या वहिनींनी भाऊंच्या विम्याचे पैसे तुमच्या शब्दावर दिले. म्हणून तुम्ही देवळाकडे फिरकत नाही आणि पोलिसांतही जात नाही. तक्रार दिली की नाव बाहेर येणार, आणि दोघं म्हणणार, "ह्यानेच नेलं." बाबा, असल्या फसवणुकीत असं होतंच. तो स्वतः घरोघर फिरत नाही, पहिल्या दहा जणांना वेळेवर हप्ते देतो आणि पुढचं काम त्यांची अब्रू करते. नंतर तीच अब्रू त्यांचं तोंडही बंद ठेवते. तो सध्या जिथे असेल तिथे तुमच्या गप्प बसण्यावर जगतोय.

तर आता कामाचं. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे संदेश यायचे, तो सोडू नका आणि काही पुसू नका. लाल कापडात बांधलेल्या त्या पावत्या काढून ठेवा. 4 लाखांचा चेक ट्रस्टच्या नावाने नव्हता, त्याच्या स्वतःच्या नावाने होता. मी खात्याचा उतारा पाहिला आणि डोक्याला हात लावला, पण पुरावा म्हणून तो सोन्यासारखा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999 चा कायदा आहे, पोलीस त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली त्याची मालमत्ता जप्त करून विकता येते आणि पैसे ठेवीदारांत वाटता येतात. वर्षं जातात, सगळे मिळतील असंही नाही, खोटं कशाला सांगू? पण एकट्याच्या अर्जापेक्षा वीस जणांचा अर्ज जड पडतो. आर्थिक गुन्हे शाखेत आपण बरोबर जाऊ.

परवा कुणाचा तरी फोन आला म्हणे, "अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइलचे 15 हजार आधी भरा." एक रुपया देऊ नका. तुम्ही फसलात हे त्याला कुठून कळलं, एवढं फक्त मनाशी विचारा.

आई, सोमनाथच्या खोलीचं बुकिंग तू करू नकोस, मी करते. गुगलवर वर दिसणारा पहिला नंबर लावू नको. 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सायबर विभागाने याचाच इशारा दिला होता: केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधाम, सोमनाथची अतिथिगृहं, सगळ्यांच्या नावाने खोट्या साइट. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर देणगीचे खोटे क्यूआर कोड फिरले आणि विश्व हिंदू परिषदेलाच तक्रार करावी लागली. शनिशिंगणापूरच्या नावाने तर पूजेची बनावट ॲप निघाली. मोबाइलवरून असे पैसे गेले तर तासाभरात 1930 ला फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून लाव.

शेवटचं, आणि यावर तुम्ही चिडणार. काल मी पखवाजवाल्या काकांना फोन केला. तुम्हाला न विचारता. ते आधी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या बाबाशी मला भांडायचंय. चांगलं कडकडून भांडायचंय. पण त्यासाठी तो समोर तरी यायला पाहिजे. महिना झाला, त्याचे टाळ खुंटीला आहेत."

शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी कल्याणला पकडते, शनिवारी पहाटे घरी पोचेन. काकांना आणि वहिनींना नऊ वाजता चहाला बोलावलंय. आई, दूध जास्त घे. बाबा, डायरी आणि पावत्या टेबलावर काढून ठेवा. त्या दोघांचे आकडेही तुमच्याच हाताने मांडायचेत, वे-बिल मांडायचात तसे.

तुमची,
ताई