कलासंस्थांना कारभारीही हवेत

महोदय,
शाहीर राम जोशींच्या सोलापुरात कलावंतांची वानवा नाही. वानवा आहे ती संस्था चालवणाऱ्यांची. प्रयोग रंगतो, पण लेखापरीक्षण रखडते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, हे कितीतरी पदाधिकाऱ्यांच्या गावीही नसते. मग अनुदान मागताना कागद अपुरे पडतात आणि तालीम थांबते. तरुणांना अभिनयाबरोबर संस्थेचे दफ्तरही शिकवायला हवे.

दुसरे, माझ्या मते अधिक निकडीचे: पूर्व भागातल्या तेलुगू भाषकांना, तसेच शहरातल्या कन्नड आणि उर्दू भाषकांना नुसते प्रेक्षक म्हणून न बोलावता कार्यकारिणीत घ्यावे. यंत्रमागाची पाळी सुटल्यानंतरची तालमीची वेळ ठेवली, तर कामगारांची मुलेही येतील.

- एक नाट्यरसिक, सोलापूर