नववीचा ‘संच’ हा धडा घाईने उरकू नका

महोदय,

राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘संच’ हा पहिलाच धडा आहे. दहावीला तो स्वतंत्रपणे येत नाही, म्हणून आमच्या भागातल्या एका क्लासमध्ये तो एका बैठकीत उरकला जातो. दोन संचांतले एकूण घटक मोजण्याचे सूत्र (दोन्हींची बेरीज, वजा सामाईक घटक) मुलांना पाठ असते, पण त्यात वजाबाकी का आहे ते सांगता येत नाही. मला हे फार लागते. दहावीच्या संभाव्यतेत नमुना अवकाश (सगळ्या शक्य निष्पत्ती) आणि घटना हे संचच असतात, आणि अकरावीला तर हा विषय पुन्हा सविस्तर येतो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. आता लालबागला आमच्या इमारतीतली मुले संध्याकाळी माझ्याकडे येतात. दोन संचांचा संयोग संच, म्हणजे दोन्हींतले सगळे घटक एकत्र, लिहायला सांगितला की त्यातली बरीचशी मुले दोन्हींत असलेले घटक, म्हणजे छेद संच, गाळतात. ‘ते छेद संचात गेले ना, मग इथे पुन्हा कसे?’ असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. वेन आकृतीत, म्हणजे संच एकमेकांवर आलेल्या वर्तुळांनी दाखवतात त्या चित्रात, मधला भाग वेगळा रंगवलेला पाहून तो दोन्ही वर्तुळांबाहेरचा काही तिसराच भाग आहे असे त्यांना वाटते. जॉन वेन यांनी १८८० साली या आकृत्या मांडल्या त्या संबंध डोळ्यांना दिसावेत म्हणून. आपण त्यांची रंगवायची चित्रे करून टाकली.

अशा वेळी मी लिपिक-टंकलेखक पदाची जाहिरात पुढे ठेवते. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, अशी अट त्यात असते. ज्याच्याकडे दोन्ही प्रमाणपत्रे आहेत त्याला कोणी अपात्र ठरवत नाही. हाच संयोग. त्याच जाहिरातीत पदवीही हवी आणि टंकलेखनही हवे, तिथे छेद. अट वाढली की उमेदवार कमी होतात, हे घरात नोकरी शोधणारा दादा किंवा ताई असलेल्या मुलांना लगेच पटते.

मोजणीसाठी मात्र लोकलसारखे साधन नाही. चर्चगेट ते विरार २९ स्थानके, सीएसएमटी ते ठाणे १९; मिळून वेगवेगळी स्थानके किती? मुले पटकन ४८ म्हणतात. मग मी दोन्ही याद्या लिहायला लावते. दादर दोन्हींकडे सापडते, म्हणजे ते दोनदा मोजले गेले. एक वजा करायचा, उरली ४७. दादर यादीतून गेले नाही, फक्त त्याची दुसरी मोजणी गेली. इथे कोणीतरी माटुंगा आणि माटुंगा रोड ही दोन वेगळी स्थानके एकच धरते, आणि घटक नेमका सांगता आला पाहिजे ही धड्याच्या सुरुवातीची अट तेव्हा खरी कळते.

यात सीएसएमटी ते गोरेगाव हार्बर मिळवा. तिची १८ स्थानके. ठाणे मार्गाशी तिची तीन स्थानके सामाईक: सीएसएमटी, मस्जिद, सॅन्डहर्स्ट रोड. पश्चिम (चर्चगेट-विरार) मार्गाशी माहीमपासून गोरेगावपर्यंत नऊ. तिन्ही याद्यांत असलेले स्थानक मात्र एकही नाही, कारण दादरला हार्बर जात नाही. दोन-दोन मार्गांचा छेद आहे, तिन्हींचा छेद रिक्त. बेरीज ६६, त्यातून १, ३ आणि ९ वजा, एकूण ५३. यादी करून मोजले तरी ५३च येतात. ते जुळल्यावर मुलांचे चेहरे पाहावेत!

अकरावीच्या तीन संचांच्या सूत्रात शेवटी तिन्हींचा छेद पुन्हा मिळवायचा असतो. तो कशासाठी, हे या उदाहरणात दिसत नाही, कारण इथे तो शून्य आहे. त्यासाठी पश्चिम मार्ग बाजूला ठेवून पनवेलची हार्बर घ्यावी. ठाणे, गोरेगाव आणि पनवेल या तिन्ही मार्गांवर सीएसएमटी आहे. ते तीनदा मोजले जाते, आणि तिन्ही जोड्यांच्या छेदांत असल्याने तीनदा वजाही होते. म्हणजे संयोगातून सीएसएमटीच नाहीसे! मस्जिद आणि सॅन्डहर्स्ट रोड यांचेही तेच. म्हणून ही तीन स्थानके परत मिळवायची.

शिक्षकांनी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एक-दोन तास या याद्यांना द्यावेत, आणि ‘परीक्षेला किती गुणांना आहे’ असे पालकांनी निदान या धड्यापुरते विचारू नये, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, लालबाग, मुंबई