बेटांना दरडोई हिशेब लावू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या सेंट हेलेना बेटाच्या विमानतळावरचा लेख वाचला. जेमतेम साडेचार हजार वस्तीसाठी ब्रिटिश सरकारने २८.५ कोटी पौंड घातले, म्हणजे माणशी साठ हजार पौंडांच्या वर, आणि तिकडच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ म्हटले, एवढ्यावरून लेखकाने ही शुद्ध उधळपट्टी ठरवली आहे. आकडे बरोबर आहेत. निकाल मात्र मला पटला नाही. त्या बेटावर मी उतरलो आहे, आणि का उतरलो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९९३ साली मी एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरात कोळसा भरून रॉटरडॅमला निघालो होतो. आफ्रिकेचे दक्षिण टोक, केप ऑफ गुड होप, मागे पडून चार दिवस झाले असतील, इंजिनरूममधल्या आमच्या देवगडच्या पोराचे पोट दुखू लागले. जहाजावरची औषधपेटी सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असते. रेडिओवर डॉक्टर सांगतील तशी इंजेक्शने मी देत होतो, पण उजव्या कुशीला बोट लावले तरी तो कळवळायचा. अपेंडिक्स आहे हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आफ्रिकेचा किनारा मागे दूर राहिला होता, पुढे युरोपपर्यंत दोन आठवडे. कप्तानाने जहाज सेंट हेलेनाकडे वळवले आणि दीड दिवसाने जेम्सटाउनसमोर नांगर टाकला.

जहाज लागेल असा धक्का तिथे नव्हता. लाँच दगडी पायऱ्यांपाशी लाटेबरोबर वर-खाली होत होती आणि पायऱ्यांवर आडव्या दांड्याला जाड दोर टांगलेले होते. लाट वर आली की दोर धरायचा आणि पाऊल टाकायचे. लहानपणी मुंबईहून आगबोटीने येऊन बंदराबाहेर पडावात उतरायची मला सवय, तरी छातीत धडधडले. आमच्या आजाऱ्याला स्ट्रेचरला बांधून बेटावरच्या चौघांनी लाट साधून वर घेतले. त्याच रात्री गावातल्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तो वाचला. पंधरा दिवसांनी बेटाच्याच जहाजाने केप टाउनला गेला आणि तिथून घरी आला.

आता लेखकाचा भागाकार त्या रात्रीला लावून पाहा. माणसे साडेचार हजार असोत की साडेचार लाख, ऑपरेशनची खोली अख्खी लागते, अर्धी चालत नाही. सर्जन एक पुरता लागतो. वीजघर, बारावीपर्यंतची शाळा, रसद आणणारे जहाज, यातले काहीच माणसांच्या प्रमाणात लहान करता येत नाही. छोट्या बेटाचा दरडोई खर्च डोळ्यांत भरतो तो एवढ्याचसाठी. त्यात कुणाची चैन नाही.

आणि हे लोक तिथे राहायला गेले तरी का? बेट मुळात निर्मनुष्य होते. आपल्या किनाऱ्यावर वखारी घालणाऱ्या त्याच ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ मध्ये तिथे वसाहत केली, गुलाम नेले, कारण मुंबई-मद्रासहून परतणाऱ्या जहाजांना वाटेत गोडे पाणी आणि ताजा भाजीपाला हवा होता. १८३४ मध्ये बेट राजसत्तेकडे गेले. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, जहाजांची वाटच बदलली आणि बंदर ओस पडले. मग डोंगरांवर न्यूझीलंडच्या फ्लॅक्सची, म्हणजे वाख देणाऱ्या लांब पात्यांच्या झुडपाची, लागवड झाली. त्याच्या वाखाचे दोर ब्रिटिश टपालखाते थैल्या बांधायला घेई. १९६० च्या दशकात टपालखात्याने कृत्रिम धागा पसंत केला आणि बेटावरच्या गिरण्या बंद झाल्या. मी गेलो तेव्हाही उतारच्या उतार त्या पात्यांनी भरलेले होते, कापायला कुणी नव्हते.

याहून वाईट गोष्ट पैशाची नाही. १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व नाकारले, ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा हक्कही उरला नाही. अर्जेंटिनाशी १९८२ मध्ये झालेल्या युद्धानंतर ब्रिटनच्याच फॉकलंड बेटांवरच्या लोकांना तो १९८३ मध्ये परत मिळाला, सेंट हेलेनाला २००२ पर्यंत थांबावे लागले. धंदा गेला, बाहेर पडायची वाटही बंद. अशा लोकांना सरकार पैसे देते त्याला मी उपकार म्हणणार नाही. ते देणे आहे.

विमानतळाच्या कामात चुका झाल्या, हे मी नाकारत नाही. कड्यावरच्या त्या धावपट्टीवर वारा एकाएकी दिशा आणि जोर बदलतो. हे २०१६ मध्ये, सगळे बांधून झाल्यावर, मोठ्या विमानाच्या चाचणीत ध्यानात यावे याला क्षमा नाही. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच. पण पुढचेही लिहायला हवे होते. ऑक्टोबर २०१७ पासून जोहान्सबर्गहून लहान विमान नियमित येऊ लागले. तोवर केप टाउनहून जहाजाने पाच रात्रींचा प्रवास होता. आज आमच्या त्या पोरासारखा रोगी विमानाने काही तासांत आफ्रिकेला पोचू शकतो. ज्यांच्याकडे दुसरा रस्ताच नाही, त्यांच्या रस्त्याला निरुपयोगी कसे म्हणायचे?

दरडोई मोजमाप किती आंधळे असते, याचा याहून ठळक दाखला कॅरिबियनमध्ये आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने अँग्विला, ब्रिटिश व्हर्जिन बेटे आणि टर्क्स-केकॉस यांना झोडपले. छपरे उडाली, वीज गेली. पण दरडोई उत्पन्न जास्त म्हणून ही बेटे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विकास-मदतीच्या यादीत बसत नव्हती, आणि ब्रिटनला आपल्याच प्रदेशांसाठी दुसऱ्या खात्यांतून पैसे काढावे लागले. त्याआधी १९९७ मध्ये तिथल्याच मॉन्टसेरात या ब्रिटिश बेटाची राजधानी प्लिमथ ज्वालामुखीच्या राखेखाली गेली, निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले, आणि राहिलेल्यांनी मदत मागितली तेव्हा ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या, आता हे सोन्याचे हत्ती मागतील. घर गाडले गेलेल्या माणसाला हे ऐकवायचे!

हे पत्र आज लिहिण्याचे कारण आहे. ब्रिटनने परदेशी मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणला आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले आहे. या बेटांच्या वाजवी गरजांचा मदतनिधीवर पहिला हक्क राहील, असे ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिकेत लिहून दिले आहे. निधी आटेल तेव्हा हा शब्द पाळला जाईल का, ते पाहायला हवे. सेंट हेलेनाला वर्षाचा आकडा लंडनशी बोलून ठरवावा लागतो. सर्जनला तीन वर्षांचा करार द्यायचा तर पैशाची हमीही तीन वर्षांची हवी. आपल्या लेखकाने पुढचा लेख लिहिताना विमानतळाबरोबर हेही विचारावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दर्यावर्दी, मालवण