घोंगडीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल : माणदेशी तरंग वाहिनीच्या निवेदिका ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते. वडील गेल्यानंतर तुम्ही आठवणीने पाठवलेली घोंगडीच्या कार्यक्रमाची प्रत मी बरेच महिने ऐकलीच नाही, आणि ऐकली तेव्हा आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते सुचेना. तुमचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण साताऱ्यातल्या म्हसवडच्या पंचक्रोशीत लोक तुम्हाला आवाजावरून ओळखतात आणि तुम्हालाही तेच पसंत आहे. पत्र मात्र उघडे लिहितो आहे, ते तुमच्या सामुदायिक रेडिओची ९०.४ मेगाहर्ट्झची लहर जिथवर पोहोचत नाही, तिथे पोटासाठी गेलेल्या माझ्यासारख्या माणदेशी माणसांच्या वाचनात यावे म्हणून.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा माग बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. वडिलांनी कॉलर असलेला सदरा घातला होता आणि ते पुस्तकी मराठीत बोलू लागले होते : "घोंगडी हा आपला सांस्कृतिक वारसा आहे." दोन-तीन वाक्ये तुम्ही ऐकून घेतलीत, मग ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद केलेत, चहा मागितलात आणि सहज विचारलेत की अण्णा, खळीला वास कसला यायचा? पुढचा अर्धा तास वडील आपल्या बोलीत बोलत राहिले. चिंचोके भाजून त्यांची टरफले कशी काढायची, ते भिजवून, वाटून, शिजवून खळ कशी करायची, ताणलेल्या सुतावरून कुंचा फिरवताना हात कुठे हलका ठेवायचा, खळ कमी पडली तर सूत मागावर कसे तुटते आणि जास्त झाली तर घोंगडी पापडासारखी कशी कडक होते, हे सगळे त्यांनी सांगितले. यंत्र पुन्हा केव्हा सुरू झाले, ते त्यांना कळलेही नाही. मी त्यांचा मुलगा असूनही यातले निम्मे मला माहीत नव्हते. शिकून नोकरीला लागायचे हे घरात ठरलेलेच होते, त्यामुळे मागाच्या खड्ड्यात मी कधी उतरलो नाही आणि उतरावे असा आग्रहही कोणी धरला नाही.

मात्र माझे खरे ऋण त्यानंतरच्या काही मिनिटांचे आहे. वडील म्हणाले, "सूत घरातच कातलं जायचं." असे वाक्य ऐकून कोणीही पुढच्या प्रश्नाकडे वळले असते. तुम्ही विचारलेत, "कोण कातायचं?" आणि मायक्रोफोन उंबऱ्यात बसलेल्या माझ्या आईकडे वळवलात. मेंढीची लोकर पिंजून तिचे सूत काढण्याचे काम आमच्याकडे बायकांचे. आईने ते लग्नाआधीपासून केले होते, तरी घोंगडीविषयी तिला कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही. घोंगडी विकत घ्यायला आलेला माणूस नेहमी वडिलांशीच बोलायचा. सुरुवातीला ती पदर तोंडाला लावून "मला काय कळतंय" म्हणाली. तुम्ही घाई केली नाहीत. त्या प्रतीत तिथे बराच वेळ शांतता आहे, लांब कुठेतरी शेळी ओरडते आहे, आणि ती शांतता तुम्ही कापून टाकलेली नाही. नंतर आई जे बोलली त्यातून मला प्रथमच कळले की पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कातरलेल्या लोकरीत फरक असतो आणि तो तिला नुसत्या चिमटीत कळतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. सामुदायिक रेडिओची परवानगी आधी शिक्षणसंस्थांपुरती होती, ती २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली, आणि २००८च्या अखेरीस म्हसवडमध्ये तुमचे केंद्र सुरू झाले. प्रक्षेपणाला शंभर वॅटची मर्यादा, स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करण्याची अट, असा हा मामला. नियम वाचले तेव्हा मला ही बंधनेच वाटली होती. पण जे केंद्र आठ-दहा मैलांपलीकडे फारसे ऐकू जात नाही, त्याला उंबऱ्यात बसलेल्या बाईकडे वळायला सवड असते, हे तुमच्यामुळे समजले. मोठ्या वाहिन्यांना ही सवड मिळाली असती तर त्यांनी तिचे काय केले असते, याविषयी मला शंका आहे, असो.

तुमचे इतर कार्यक्रम मी सुट्टीत गावी आलो की ऐकतो. एसटी म्हसवडच्या जवळ आली की कानातली खरखर थांबते आणि कुणीतरी बाजारभाव किंवा गजी ढोलाविषयी बोलत असते. माळरानावरच्या पक्ष्यांचा भाग ऐकून आमच्या शेजारच्या मेंढपाळाने धाविक पक्षी मला बोटाने दाखवला. तो पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, म्हणून हा मेंढपाळ मेंढरे अलीकडे थोडी वळवून नेतो. ज्या माळाला आम्ही लहानपणापासून पडीक म्हणत आलो, तिथे कोणाचे तरी घर असते, हे मला उतारवयात कळले.

ग्रामसभेवरच्या मालिकेचे श्रेय मात्र तुम्ही स्वतःकडे घेणार नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. सभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आमच्या गल्लीतल्या बायकांनी तुमच्याकडून ऐकले. त्यानंतर त्या चौघी-पाचजणी आईला घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या आणि ही सभा कधी झाली, तिचे इतिवृत्त कुठे आहे, असे त्यांनी विचारले. इतिवृत्त निघाले नाही. पुढच्या वेळी सभा झाली, आणि पाण्याच्या टाकीचा विषय त्यात पहिला होता. टाकी अजून गळते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

घोंगडीच्या कार्यक्रमाची प्रत आता मी मुलांना ऐकवली आहे. थोरलीला आजोबांची बोली निम्मीच कळते, ती मध्येच थांबवून अर्थ विचारते, आणि तो सांगताना मलाही एखादा शब्द अडतो.

आईनेही गेल्या दिवाळीत ती पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. वडिलांचा आवाज आला तेव्हा ती काही बोलली नाही. खळीचा भाग मात्र तिने दोनदा लावायला सांगितला आणि मग स्वच्छ सांगितले की चिंचोक्याला पाणी किती घालायचे, ते त्यांनी चुकीचे सांगितले आहे, कारण खळ शिजवायची ती आणि ते नुसती लावायचे. ही चूक रेडिओवर तशीच राहू नये असे तिचे म्हणणे आहे. तिने चिंचोके साठवून ठेवले आहेत. तुम्हाला सवड होईल तेव्हा यंत्र घेऊन यावे, असा तिचा निरोप आहे.

आपला नम्र,
सणगर गल्लीतला एक श्रोता